मैदानाची वेळ आधी, बॉल नंतर: गावात मुलींचा फुटबॉल संघ उभा करताना

मुलींचा फुटबॉल संघ सुरू करायचाय म्हणून आसपासच्या शाळांतून फोन येतात, तेव्हा पहिला प्रश्न हमखास असतो, "मॅडम, बॉल कुठला घ्यायचा?" मी विचारते, मैदान किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत मिळणार? मग पलीकडे शांतता.

मी सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. आमचा पहिला प्रयत्न सात आठवडे टिकला. सहा बॉल होते, बावीस मुली होत्या, उत्साह तर विचारू नका. मग टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धेची खेळपट्टी तयार करायची म्हणून आम्हाला सांगण्यात आलं, "जरा बाजूला खेळा." पुढच्या आठवड्यात मोठ्या मुलांचा सराव सुरू झाला, आम्ही कोपऱ्यात गेलो. मग एका कार्यक्रमाचा मंडप पडला आणि आम्ही शाळेच्या मागे, बाभळीच्या काट्यांत. कुणीही "खेळू नका" म्हणालं नाही. सगळे फक्त "जरा बाजूला" म्हणत होते. मुली एकेक करत कमी झाल्या आणि गावात बोललं गेलं की पोरींना आवडच नाही.

ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांतल्या बायकांचे संघ तुफान चालत होते. १९२० च्या २६ डिसेंबरला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना बघायला सुमारे ५३,००० लोक आले होते. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला, की आपल्या सदस्य क्लबांनी बायकांच्या सामन्यांना मैदान द्यायचं नाही. बायकांनी खेळू नये असा कायदा झालाच नाही. मैदान काढून घेतलं तेवढ्यावर भागलं, आणि ते जवळपास ५० वर्षं भागलं. म्हणून माझा सगळा भर वेळेवर आणि जागेवर असतो. बाकीचं जमत जातं.

वेळ कागदावर घ्या

मैदान कुणाचं आहे ते आधी शोधा. शाळेचं असेल तर मुख्याध्यापक आणि संस्था, गावचं असेल तर ग्रामपंचायत, तालुका क्रीडा संकुल असेल तर त्यांची समिती. अर्जात "मुलींना मैदान उपलब्ध करून द्यावे" असं मोघम लिहू नका. वार, वेळ आणि मैदानाचा भाग लिहा: सोमवार, बुधवार, शुक्रवार, ५.०० ते ६.१५, पूर्ण मैदान. अर्जाची पोच घ्या. मंजुरी मिळाली की वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लिहून मैदानाच्या फाटकावर लावा. तोंडी मिळालेली वेळ पहिल्या स्पर्धेच्या मंडपाबरोबर जाते, हे अनुभवाचं बोलते आहे.

अर्ज ग्रामपंचायतीकडे जाणार असेल तर ग्रामसभेची वाट बघा, आणि त्याआधीच्या महिला सभेत हा विषय काढा. आपल्याकडे ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती नुसती सह्यांपुरती उरते, पण दहा आया प्रत्यक्ष जाऊन बसल्या तर ती खरी सभा होते. तिथे झालेला ठराव पुढे ग्रामसभेत टाळणं अवघड जातं. त्याच वेळी पैशाचंही बोलून घ्या. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. बॉल, गोलपोस्टची जाळी, बंद पडलेल्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती यांसाठी मागणी करा. ग्रामसेवकांना त्या निधीचं गेल्या वर्षी काय झालं ते नम्रपणे विचारलं, की चर्चा लवकर पुढे सरकते.

आता घड्याळ मांडा. शाळा पाचला सुटते. जूनमध्ये सातपर्यंत उजेड असतो, पण डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य जातो आणि त्याच दिवसांत उसाचा हंगाम भरात असतो. रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, मागे दिवा नाही, वर स्पीकर. अशा रस्त्याने मुलीला अंधारात सायकलवरून यायला लावू नका, मुलांनाही लावू नका. आमच्यासाठी सगळ्यात कामाची ठरली ती एक साधी गोष्ट: मुख्याध्यापकांना सांगून आठवी-नववीच्या मुलींचे शारीरिक शिक्षणाचे दोन तास आठवड्यातल्या सरावाच्या दिवशी शेवटच्या तासाला घेतले. चाळीस मिनिटं आयती मिळाली आणि हिवाळ्यातही पावणेसहाला मुली घराकडे निघू लागल्या.

लांबच्या वाडी-वस्तीवरच्या मुलींसाठी एसटीचं वेळापत्रक स्वतः बघा. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास असतो, तेव्हा अडचण तिकिटाची नसते, साडेपाचची गाडी चुकली की पुढची कितीला, ही असते. सराव गाडीच्या वेळेला बांधा. गाडी तुमच्या सरावासाठी थांबणार नाही.

घरी जाणं

पालकसभा बोलावून भागत नाही. सभेला वडील येतात, मान डोलावतात आणि घरी जाऊन आईला सांगतात, "बघ तुझं तू." म्हणून घरी जायचं, आईला भेटायचं. तासगावच्या बाजूला द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या बायका संध्याकाळी उशिरा परततात. छाटणीच्या दिवसांत तर त्यांना बोलायलाही फुरसत नसते, तेव्हा हंगाम बघून जा.

घराघरांत प्रश्न तेच. "काळी पडली तर?" "पाय मोडला तर उद्या कोण करून घेईल?" "हाफ पँट घालूनच खेळायचं का?" आणि एक प्रश्न न विचारता समोर असतो: पाच ते साडेसहा पाणी कोण भरणार, धाकट्याला कोण सांभाळणार? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घेऊन गेलात तर बाकीचे आपोआप मऊ पडतात. आम्ही धाकट्या भावंडांना मैदानावर आणायला परवानगी दिली. एका कडेला त्यांचा वेगळाच गोंधळ चालतो. त्यातल्या दोन धाकट्या बहिणी आता संघात आहेत.

मोठी आश्वासनं देऊ नका. स्मृती मानधना सांगलीची, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तेव्हा आमच्या गावातही फटाके वाजले. पण "तुमची मुलगी स्मृती होईल" असं सांगून आणलेली मुलगी दुसऱ्या वर्षी घरी बसते, कारण ती स्मृती झालेली नसते. दहावी-बारावीला क्रीडा गुणांची सवलत आहे, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हे जरूर सांगा. सोबत हेही सांगा, की गुण खेळलेल्या स्पर्धेच्या पातळीवर ठरतात आणि नोकरीच्या सवलतीसाठी फार वरच्या पातळीची कामगिरी लागते. खरं सांगितलेलं आयांना कळतं. आमच्याकडची एक आई म्हणाली, "ते सगळं ऱ्हाऊ द्या मॅडम, पोरगी रात्री निवांत झोपती आता, तेवढं पुरे."

कपडे, बूट, पाळी

यावर बोलायला संकोच वाटत असेल तर संघ सुरू करू नका, किंवा बोलणारी बाई सोबत घ्या.

शॉर्ट्स गडद रंगाच्या घ्या, निळ्या किंवा काळ्या. पांढऱ्या नकोत. २०२३ च्या फुटबॉल विश्वचषकाआधी इंग्लंडच्या महिला संघाने पांढऱ्या शॉर्ट्स बदलून निळ्या घेतल्या, त्या पाळीच्या काळजीनेच. तिथल्या व्यावसायिक खेळाडूंना जी धास्ती वाटते ती आपल्या आठवीतल्या मुलीला वाटणारच. शॉर्ट्सच्या आत लेगिंग घालायची असेल तर घालू द्या. मिरजेत काही मुली डोकं झाकून खेळू इच्छितात. २०१४ पासून खेळाच्या नियमांत त्याला स्पष्ट परवानगी आहे. मोरोक्कोची नुहैला बेंझिना २०२३ च्या विश्वचषकात हिजाब घालून खेळली. एखाद्या पंचाने हरकत घेतली तर शांतपणे नियम दाखवा. कापड मात्र अंगाला बसणारं हवं, टाचणी नको.

दागिन्यांबाबत नियम कडक आहे आणि तो मुलींना आधीच सांगावा लागतो. पैंजण, बांगड्या, कानातलं, चमकी, सगळं काढायचं. वर चिकटपट्टी लावून चालत नाही. नुकतं नाक टोचलेली मुलगी चमकी काढू शकत नाही आणि ऐन सामन्यात बाहेर बसते. टोचायचंच असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत, असं आम्ही जानेवारीतच सांगून ठेवतो.

स्पोर्ट्स ब्रा हा विषय बहुतेक प्रशिक्षक टाळतात. तेरा-चौदाच्या वयात मुली वाकून पळायला लागतात, खांदे आत घेतात, छातीवर बॉल घेत नाहीत, आणि सर म्हणतात "आळशी झाली." आया बरोबर घेऊन एकदा बाजारात जा. साधारण तीनशे रुपयांत मिळून जाते. शिनगार्ड, म्हणजे नडगीवर बांधायचे संरक्षक पट्टे, नियमानेच लागतात. बुटांवर सुरुवातीला खर्च नको. आपल्या काळ्या मातीचं कडक मैदान रबरी तळाच्या साध्या बुटांना चालतं. पावसाळ्यात चिखल झाला की स्टड्सचा, म्हणजे तळाला खुंट्या असलेल्या बुटांचा, विचार करा.

पाळीत खेळायचं की नाही, ते मुलीने ठरवायचं. काही घरांत अजून "कावळा शिवला" की तिला बाहेर पडू देत नाहीत. मी तिथे वाद घालत नाही, पण गैरहजेरीचा दंडही लावत नाही. मैदानावर औषधांच्या पिशवीत पॅड ठेवा आणि ती पिशवी मुलीच्याच ताब्यात द्या, म्हणजे मागायला नको. आणि स्वच्छतागृह! शाळा सुटली की शिपाईमामा कुलूप लावून जातात. संध्याकाळी सराव असलेल्या दिवशी किल्ली कुणाकडे राहणार, ते मंजुरीच्या कागदावरच लिहून घ्या. लघवीला जायची सोय नाही म्हणून दुपारपासून पाणी न पिणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्या अर्ध्या तासात दमतात.

पोटात काहीतरी हवं

दुपारी एकला जेवलेली मुलगी पाचला पळायला उभी राहते. शेंगदाणे-गूळ, फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू, केळं, यातलं काहीही सव्वाचार-साडेचारला पोटात जाऊ द्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तुमच्या संघातही अशा मुली असणार असं धरूनच चाला. जूनमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांचा सल्ला, शाळेत मिळणाऱ्या आठवड्याच्या लोहाच्या गोळ्या नियमित, आणि जेवणाला लागून चहा बंद, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. "दम नाही तिच्यात" हा शेरा तपासणीआधी मारू नका.

सराव कसा घ्यायचा

आता बॉल. बारा वर्षांपर्यंतच्या मुलींना चार नंबरचा, ३५० ते ३९० ग्रॅमचा. त्यापुढे पाच नंबरचा, ४१० ते ४५० ग्रॅमचा. बायकांच्या सामन्यांना बॉल हलका असतो, मैदान लहान असतं, असं काही लोक छातीठोकपणे सांगतात. बॉल तोच, मैदान तेच, मिनिटंही नव्वदच.

सुरुवातीची वीस मिनिटं फिफाच्या '११+' या वॉर्म-अपला द्या. आठ मिनिटं पळणं, दहा मिनिटं ताकद, उडी आणि तोल, शेवटी दोन मिनिटं वेगात पळणं. चित्रांसह इंटरनेटवर फुकट मिळतं, सामान काही लागत नाही. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर याचा अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. हा सराव करणाऱ्या संघांत दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसल्या. मुलींमध्ये गुडघ्याचा एसीएल (आतला एक मुख्य अस्थिबंध) तुटण्याचा धोका मुलांच्या किमान दुप्पट असतो, तेव्हा हा भाग घाईने उरकू नका. उडीनंतर जमिनीवर येताना गुडघे आत वळतात का, तेवढं एक बघत राहिलात तरी पुष्कळ झालं.

आपल्याकडच्या मुली कोऱ्या येत नाहीत. खो-खो खेळलेली मुलगी पळता पळता जशी दिशा बदलते तशी फुटबॉल शिकलेल्या मुलालाही जमत नाही. तिला फक्त पायाची सवय नसते. म्हणून पहिले दोन आठवडे ओळीत उभं करून किक मारायला लावू नका. प्रत्येकीला एक बॉल, कमी असतील तर दोघींत एक, आणि ओळखीचे खेळ: बॉल पायात ठेवून विषामृत, रुमालाच्या जागी बॉल ठेवून रुमालपळवी. मग तिघी विरुद्ध तिघी, लहान गोल, गोलकीपर नाही. दहा-बारा वर्षांपर्यंत मुलं-मुली एकत्र खेळवा. पुढे वेगळे केलेत तरी आठवड्यात एक दिवस एकत्र ठेवा, वेगाची सवय राहते. अकरा वर्षांच्या आतल्या मुलांना हेडिंग (डोक्याने बॉल मारणं) शिकवू नका, मुलगा असो की मुलगी.

एक गोष्ट मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही. आमच्या मुलींना ओरडता येत नव्हतं. मोठ्याने बोलायचं नाही, असं दहा वर्षं शिकवलेल्या मुलीला अचानक "बॉल माग" म्हणून सांगितलं तर आवाज घशातच राहतो. बॉल आपल्याकडे येतोय हे दोघींना दिसतंय, दोघी थांबतात, आणि समोरची पोरगी गोल करून मोकळी. म्हणून आम्ही ओरडण्याचा वेगळा सराव घेतला. मैदानाच्या दोन टोकांना उभं राहून फक्त हाका: "माझा!", "सोड!", "मागं हाय गं!" पहिल्या दिवशी सगळ्या हसत सुटल्या, रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. तिसऱ्या आठवड्यात एक अबोल डिफेंडर मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही मधे उभ्या आहात, बाजूला व्हा." त्या दिवशी मी घरी पेढे नेले.

सुरक्षितता

प्रवासात आणि सरावात दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई, यात सूट नाही. प्रशिक्षकाने मुलीला एकटीला मेसेज करायचा नाही. जे काही असेल ते पालकांच्या ग्रुपवर. फोटो पालकांना विचारून टाकायचे. एखादी मुलगी काही सांगू लागली तर ऐकून घ्या, खोदून विचारू नका, आणि "संघाचं नाव जाईल" म्हणून दाबू नका. पोक्सो कायद्यानुसार (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं हे कळलेल्या प्रत्येकाचं कर्तव्य आहे. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर मुलींनाही पाठ असू द्या.

सामने आणि बक्षिसं

शालेय स्पर्धांसाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे शाळेची प्रवेशिका वेळेत भरा. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात, आणि पुढे विभाग, राज्य असा रस्ता आहे. शाळांच्या देशपातळीवरच्या सुब्रतो कपमध्ये १७ वर्षांखालील मुलींचा गट आहे. खेलो इंडियाच्या, मुलींसाठी असलेल्या अस्मिता लीगकडेही लक्ष ठेवा. जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का ते जूनमध्येच तपासा. आमची एक गोलकीपर वेलांटीच्या चुकीमुळे बाहेर बसली. अकरा जमत नाहीत म्हणून माघार घेऊ नका. नियमाप्रमाणे सातजणी असल्या तरी सामना सुरू होतो. आम्ही एकदा आठजणींनिशी खेळलो, पाच गोलांनी हरलो आणि परतीच्या गाडीत सगळ्यात जास्त गाणी त्याच दिवशी झाली.

कोल्हापूर शेजारीच असल्याने फुटबॉलचं वेड आपल्याकडे परकं नाही. तिथल्या पेठा-तालमींचे सामने बघायला आपल्याकडची मुलं जातात. मुलींनाही एकदा न्या. गडहिंग्लज भागातल्या अंजू तुरंबेकर तिथून देशाच्या फुटबॉलमध्ये मोठ्या प्रशिक्षक झाल्या, हेही त्यांना सांगा. जुलै २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली, तो सामना मोबाईलवर दाखवा.

यात्रेतल्या किंवा मंडळाच्या स्पर्धेत "मुलींचा प्रदर्शनीय सामना ठेवू" असं आमंत्रण येतं. नाही म्हणू नका, पण आधी अटी बोला: पंच तोच, वेळ पूर्ण, बक्षीस त्याच प्रकारचं. एकदा मुलांना रोख रक्कम आणि आमच्या मुलींना स्टीलचे डबे मिळाले. आयोजकांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना ते कौतुकाचंच वाटत होतं. पुढच्या वर्षी मी आधीच विचारलं, आणि रक्कम लहान का असेना, पाकिटात मिळाली.

कारभार मुलींकडे

दुसऱ्या वर्षापासून मोठ्या मुलींकडे काम सोपवत जा. एक बॉलची हवा बघेल, एक फक्कीने मैदानाच्या रेषा मारेल, एक धाकट्यांचा वॉर्म-अप घेईल. अठरा पूर्ण झालेल्यांपैकी एकीला तरी पंचांच्या किंवा डी लायसन्सच्या (प्रशिक्षकांच्या सुरुवातीच्या) कोर्सला पाठवा, फी गावातून गोळा करा. दहावीच्या वर्षी मुलीचं खेळणं बंद होतं ते बहुतेक वेळा कायमचं. तिला पूर्ण सोडू नका. आठवड्यात एक दिवस, फक्त सामना खेळायला, असं घरच्यांशी ठरवून घ्या. तेवढ्याला बहुतेक घरं तयार होतात.

आणि हजेरीच्या वहीत एक जादा रकाना आखा: "का नाही आली". तो मुलींनी स्वतः भरायचा, खरं लिहायचं, रागावायचं नाही. वर्षाअखेरीस बसून मोजा. मला वाटलं होतं की आमच्याकडे पाळी किंवा अभ्यास सगळ्यात वर येईल. सगळ्यात वर आलं "घरी पाहुणे आले". रविवारी दुपारी पाहुणे येतात आणि चहा-भाकरीला पोरगी लागते. म्हणून आमचा रविवारचा सराव आता सकाळी सातला असतो. इतक्या लवकर पाहुणे येत नाहीत.